रंगीत टोप्यांचा उन्हाळा

आमच्या रस्त्यावरचा बहावा पुन्हा फुलला आहे. इथे त्याला अमलतास म्हणतात. पानं गळून गेलेल्या फांद्यांवरून पिवळे घोस असे लोंबतात की दुपारच्या उन्हात त्यांच्याकडे बघवत नाही. खाली उभ्या केलेल्या गाड्यांच्या टपांवर पाकळ्यांचा सडा पडतो आणि भाजून काळा होतो. लोक फोटो काढतात. मी खिडक्यांच्या कड्या तपासते. बहावा फुलला की पाठोपाठ आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, येते, हे चंदीगडमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला कोणी सांगावं लागत नाही. आधी वारा पडतो. मग पश्चिमेकडचं आकाश जुन्या मुक्या मारासारखं पिवळं-तपकिरी होतं, कावळे खाली उतरतात, आणि मग ती येते आणि जे सुटं सापडेल ते उचलून आपटते. कुंड्या, पत्रे, रस्त्याकडेच्या आंब्यांवरच्या कैऱ्या. एकदा तिने शेजारची अख्खी टाकी गच्चीवरून खाली टाकली होती.

ओम, गेल्या रविवारी तू माझ्याशी फोनवर बोलत होतास आणि एकीकडे तुझा खेळ चालू होता. तुझ्या आईने फोन जरा तिरका धरला तेव्हा मला तुझा पडदा दिसला. तू एका शहरातून भली मोठी गाडी हाकत होतास आणि फूटपाथवरची माणसं गाडीखाली घेत होतास. एक बाई पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती. ती उडाली, बोनेटवर आपटली, खाली पडली आणि जराशाने दिसेनाशी झाली. मी म्हटलं, "अरे, ती बाई." तू म्हणालास, "आजी, शी इज नॉट रिअल." ईरा, तू भावाच्या मागून मला इंग्रजीत नीट समजावलंस की त्या माणसांना फक्त चालायला शिकवलेलं असतं आणि घाबरलं की पळायला, बाकी त्यांच्यात काही नसतं.

मी रागावले नाही. तुमच्या वयात मी देवळालीला तोफांचा सराव ऐकत वाढले. सकाळी लांब डोंगराकडे धडधड सुरू झाली की आमच्या कपाटातल्या बश्या किणकिणायच्या. आई बश्यांच्या मध्ये फडकी घालून ठेवायची, की झालं. त्या गोळ्यांनी कुठे काय फुटतं हे मी कधी विचारलं नाही. लांबून सगळं मारणं नीटनेटकं असतं. पण ती पिशवीवाली बाई गेल्यापासून मला वरच्या खोलीतल्या केतकीचा तो उन्हाळा सारखा आठवतो आहे, आणि बाहेर पुन्हा तेच पिवळं झाड. म्हणून हे लिहिते. मराठीतच लिहिते. वाचताना अडलं तर आईला विचारा.

केतकीला तुम्ही ओळखता. तुमच्याशी बोलताना फोन नेहमी उजव्याच कानाला लावते ती. ती मूळची कोल्हापूरची. मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत संशोधन करते आणि आमच्या गच्चीवरच्या खोलीत राहते. पहिल्यांदा खोली बघायला आली तेव्हा मी विचारलं, काय शिकतेस. म्हणाली, "काकू, माणसं एकमेकांना का मारतात ते." मला वाटलं, पोलिसात जाणार असेल. पण तिच्या लॅपटॉपवर होते नुसते ठिपके. करडं मैदान आणि त्यावर निळे ठिपके, मुंग्यांसारखे इकडून तिकडे. प्रत्येक ठिपक्याला तिने थोडा राग दिला होता, थोडी भीती दिली होती आणि एक आकडा. आकडा असा, की आजूबाजूचे किती जण मारायला लागले की मग आपणही मारायचं. कोणाचा आकडा मोठा, कोणाचा लहान. एखाद्याचा शून्य. तो कोणासाठी थांबत नाही. मारायला लागलेला ठिपका लाल व्हायचा. ती एक बटण दाबायची आणि मैदान कधी निळंच राहायचं, तर कधी कागदाला काडी लागावी तसं एका कोपऱ्यातून लाल होत जायचं. आणि गंमत अशी, की दोन्ही वेळा माणसं जवळजवळ तीच. एखाद्याचा आकडा एकाने इकडे तिकडे, एवढाच फरक.

तुमच्या आजोबांना, सगळी नोकरी सैन्यात काढलेल्या माणसाला, हे अजिबात पसंत नव्हतं. संध्याकाळी चहाला ती खाली आली की दोघांची जुंपायची.

"तुझ्या या ठिपक्यांना जेवायला कोण घालतं गं?"

"कोण नाही काका. त्यांना भूक नसते."

"मग भांडतात कशाला?"

"भरल्या पोटी माणसं भांडत नाहीत असं कुठं आहे? तुमच्या मेसमध्येच विचारा की."

"माणूस म्हणजे ठिपका नव्हे. माणसाला आई असते."

"काय ओ काका, तुम्ही नकाशावर टाचण्या टोचायचा तेव्हा टाचणीला आई होती का?"

आजोबा मग बिस्किट चहात बुडवायचे. पण एकदा त्यांनीच तिला सांगितलं की दंगल झालेल्या गावातून सैन्य नुसतं चालत नेतात. कोणाला हात लावायचा नाही, नुसतं बुटांचा आवाज करत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं. दुसऱ्या दिवशी केतकीने मैदानात हिरव्या ठिपक्यांची एक रांग सोडली. ती जाईल तिथे लाल ठिपके निळे होत, आणि रांग पुढे गेली की मागे पुन्हा लाल. आजोबा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे मात्र खरं आहे. असंच व्हायचं." त्यानंतर ते तिच्याशी जरा कमी भांडू लागले.

मला तिने एकदा विचारलं, "काकू, तुमचा आकडा किती?"

"मला आकडा नाही. मी कोणाला मारणार नाही."

"सगळे असंच सांगतात," ती म्हणाली आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिली.

त्या वर्षी बहावा फुलला तेव्हा केतकीला ठिपक्यांचा कंटाळा आला होता. तिला खरी माणसं चालताना बघायची होती. माणसं एकमेकांपासून किती अंतर ठेवतात, कुल्फीच्या गाडीभोवती घोळका कसा जमतो, कसा विरतो, कोणी ओरडलं की आधी कोण वळतं. आमच्या घरासमोरच पार्क आहे, चारी बाजूंनी घरं आणि मध्ये झोपाळे. तिने आमच्या गच्चीच्या कठड्यावर कॅमेरा बसवला, तोंड खाली. पार्कच्या समितीला विचारलं, त्यांनी हो म्हटलं. वरून सगळी डोकी सारखीच काळी दिसतात, एक दुसऱ्यात मिसळलं की संगणकाला ओळखू येत नाही. म्हणून खेळायला येणाऱ्या मुलांना रंगीत टोप्या घालायच्या असं तिने ठरवलं. टोपी घालून खेळायचं, खेळ संपला की टोपी परत करायची आणि बर्फाची कांडी घ्यायची.

टोप्या मी शिवल्या. मला काम नीट लागतं हे तुम्हाला माहीत आहे. लाल जुन्या पडद्यांच्या, निळ्या परकराच्या कापडाच्या. पिवळ्यासाठी कापड कमी पडलं तेव्हा शेजारच्या पम्मीने तिच्या सूटचं उरलेलं कापड दिलं. पम्मी म्हणजे डावीकडच्या घरातली, तुम्हाला पिन्न्या, ते कणकेचे लाडू, पाठवायची ती. तिच्या आणि आमच्या गच्चीमध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्या भिंतीवरून किती वाट्या इकडच्या तिकडे गेल्या असतील. तिच्याकडून मोहरीची भाजी यायची, माझ्याकडून पुरणपोळी जायची, आणि रिकामी वाटी परत करायची नाही हा दोघींचा नेम. तिने स्वतः बसून दोरे कापले. "आंटी जी, मिन्नी नूं लाल वाली देना," ती म्हणाली. मिन्नी तिची नात, पाच वर्षांची, झोपाळ्यावरून न उतरणारी.

उन्हाळ्यात अफवा लवकर वाळतात आणि लवकर पेटतात. त्या दिवसांत सगळ्यांच्या फोनवर एक निरोप फिरत होता, की मुलं पळवणारी टोळी आली आहे. मलाही आला. पहिल्यांदा आला तेव्हा त्यात एक काळी गाडी होती. मग साधूच्या वेशातली माणसं आली, मग चांगल्या घरच्या दिसणाऱ्या बायका आल्या. शेवटी कोणीतरी त्यात भर घातली, की ते आधी मुलांवर खूण करून ठेवतात. रंगीत खूण. सकाळी फिरायला गेलं की बायका हेच बोलायच्या, आणि बोलताना त्यांचे आवाज खाली जायचे, जसे घरातल्या आजाराबद्दल बोलताना जातात. मी केतकीला सांगितलं, आता काही दिवस टोप्या राहू देत. ती म्हणाली, "काकू, सगळ्यांना माहिती आहे की त्या तुम्ही शिवल्यात." हे खरंच होतं. मलाही ते पुरेसं वाटलं.

ती संध्याकाळ. आजोबा गुडघ्याच्या व्यायामासाठी चंडीमंदिरच्या लष्करी इस्पितळात गेले होते. मी स्वयंपाकघरात पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत होते. वारा पडला होता आणि सगळीकडे ती पिवळी शांतता. आंधी येणार म्हणून केतकी टोप्या गोळा करायला खाली पार्कमध्ये गेली होती, खांद्याला कापडी पिशवी. मला आधी पम्मीची हाक ऐकू आली. "मिन्नी. मिन्नी." साधी हाक, जेवायला बोलवावं तशी. मग तीच हाक पुन्हा, जरा वरच्या पट्टीत. मग आणखी दोन बायकांचे आवाज तिच्यात मिसळले. मग एक पुरुषी आवाज म्हणाला, "बैग दिखा." आणि नंतर जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. शब्द नव्हते त्यात. शंभर घशांतून एकच श्वास बाहेर यावा तसा तो होता.

मी दाराजवळच्या स्टँडमधून आजोबांची वेताची छडी उचलली. का उचलली, सांगता येणार नाही. पायात चप्पलही नव्हती.

पार्कमध्ये मध्यभागी पाठीच पाठी होत्या. पिशवी फाटून टोप्या गवतावर पसरल्या होत्या, आणि कोणीतरी एक टोपी उंच धरून दाखवत होतं, बघा, निशाणी. रोज मला नमस्ते करणारे लोक. दूधवाल्याशी हुज्जत घालणारा निवृत्त बँक मॅनेजर, शिकवणीवरून आलेली दोन पोरं, कोपऱ्यावरच्या घरातली योगासनं शिकवणारी बाई. बाकीचे कोण कुठले. माझ्या अंगाला अंगं लागली आणि माझे पाय जमिनीवरून उचलले गेले. गर्दीला स्वतःचं पाणी असतं, ती तुम्हाला पोहू देत नाही. घामाचा वास, तापलेल्या गवताचा वास, आणि मध्येच कुणाच्या तरी अंगाला पावडरचा वास येत होता. मी ओरडत होते, "ये मेरी किराएदार है, टोपी मैंने सिली है," आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

मग दोन पाठींच्या फटीतून मला ती दिसली. गुडघ्यांवर होती. एक हात डोक्यावर धरलेला, दुसऱ्या हाताने जमीन चाचपत होती, चष्मा शोधत असावी. तोंड रक्ताने असं भरलं होतं की दात दिसत नव्हते. कोणाचा तरी बूट तिच्या बरगडीत बसला, आणि ती ओरडली नाही, फक्त हवा बाहेर गेली. तिची वेणी एका हातात गुंडाळलेली होती, दोरखंड गुंडाळतात तशी. हात पम्मीचा होता. पिवळी ओढणी, मी शिवलेल्या टोप्यांच्याच कापडाची. पम्मी रडत होती आणि मारत होती. "मेरी मिन्नी कित्थे है, दस, मेरी मिन्नी कित्थे है." माझी मिन्नी कुठे आहे, सांग, आणि प्रत्येक शब्दाला एक थप्पड, डाव्या कानावर.

मी छडी दोन्ही हातांनी वर नेली आणि पम्मीच्या तोंडावर मारली.

हे मी तुम्हाला सांगते कारण नंतर लोकांनी ते हलकं करून सांगितलं, की आजींनी छडी आडवी घातली. मी आडवी घातली नाही. सगळा जोर लावून मारली, भुवईची कातडी फाटली, आणि मला त्या क्षणी बरं वाटलं. पुन्हा मारायला छडी वर नेली होती. कोणीतरी मला ढकललं, मनगट अंगाखाली आलं आणि काडकन मोडलं. खालून मला फक्त पाय दिसत होते. आणि त्या पायांच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीच्या बाजूने, मिन्नी येताना दिसली. डोक्यावर लाल टोपी. फ्रॉकच्या ओच्यात पडलेल्या कैऱ्या. ती टाकीमागच्या आंब्याखाली गेली होती, बस्स. ती गर्दीच्या कडेला येऊन उभी राहिली. बाकावर बसलेली एक म्हातारी मुलगी आली म्हणून ओरडली, "कुडी आ गई, ओ कुडी आ गई." काही जणांनी वळून तिच्याकडे पाहिलं. पाहिलं, आणि पुन्हा आत वळले. मारणं थांबलं नाही.

थांबवलं ते आंधीने.

ती आली तेव्हा आधी पार्कच्या पलीकडची घरं धुळीत गेली, मग झोपाळे गेले. तोंडात, नाकात, पापण्यांखाली माती. कुठेतरी काच फुटली, एक दार आपटलं, पुन्हा आपटलं. आणि मग मी जे ऐकलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. एका बाईचा अगदी रोजचा, वैतागलेला आवाज: "हाय, मेरे कपड़े." दुसरीला वाळत घातलेले सांडगे आठवले, "ऊपर वड़ियां पड़ी हैं." कोणाच्या खिडक्या उघड्या राहिल्या होत्या, कोणाची गादी गच्चीत होती. ते पळाले. आत्तापर्यंत जे एका घशाने ओरडत होते ते आपापल्या चादरींकडे पळाले. केतकी तिथेच पडली होती, तिच्याभोवती टोप्या उडत होत्या. मी एका हाताने सरपटत तिच्यापर्यंत गेले आणि तिच्या तोंडावर माझा पदर धरला, की माती तरी आत जाऊ नये. वर गच्च्यांवर माणसं कपडे ओढून काढत होती. कपड्यांचे चिमटे गारांसारखे खाली पडत होते.

केतकी जगली. जबडा तारांनी बांधला, बरगड्या आपल्या आपण जुळल्या, डावा कान गेला. इस्पितळात माझं मनगट प्लास्टरमध्ये आणि तिचं तोंड बंद, अशा आम्ही शेजारी बसायचो. तिची आई आपल्या इचलकरंजीच्या बहिणीला घेऊन आली, आणि आईने माझ्याशी एक शब्द बोलण्याआधी माझं प्लास्टर हातात घेतलं आणि रडली. मुलीला मात्र ती तिथे ठेवायला तयार नव्हती. "आता पुरे झालं शिक्षण. माणसांची परीक्षा घेऊन काय मिळालं?" केतकी पाटीवर लिहायची, आई, थांब. डोळे मात्र आईच्याच बाजूचे होते. खोलीबाहेर पावलांचा आवाज झाला की ती भिंतीकडे सरकायची. ती पुन्हा कधी माणसांत उभी राहू शकेल का, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

गच्चीवरचा कॅमेरा चालूच राहिला होता. धुळीने आंधळा होईपर्यंत त्याने सगळं पाहिलं. पोलिसांनी ते बघितलं आणि निराश झाले, कारण वरून चेहरे दिसत नाहीत, नुसती डोकी दिसतात. मला विचारलं. मी ज्यांना ओळखलं त्यांची नावं सांगितली, पम्मीचंही सांगितलं. छडी कोणी मारली तेही सांगितलं. पम्मीचा नवरा घरी आला, दारातच उभा राहिला. "आंटी जी, इतने साल का साथ है." मी म्हटलं, "साथ है, इसीलिए तो पहचाना." पम्मी काही दिवस आत होती, मग जामिनावर सुटून आली. खटला चालू आहे. वाट्या थांबल्या. एकदा दुधाच्या रांगेत समोरासमोर आलो. तिच्या भुवईत पांढरी रेघ उमटली होती. ती हळूच म्हणाली, "तुसी वी तां मारेया सी." तुम्हीही तर मारलं होतंत. मी म्हटलं, "हां. मारा." दोघींनी दूध घेतलं आणि आपापल्या घरी गेलो.

पावसाळा आणि थंडी केतकीने कोल्हापुरात काढली. मी खोली दुसऱ्या कोणाला दिली नाही. धुक्याच्या दिवसांत, जेव्हा आमच्या खिडकीतून पार्कही दिसत नाही, तेव्हा तिचा एक फोन आला. तोंड पूर्ण उघडत नव्हतं, त्यामुळे शब्द चपटे यायचे. म्हणाली, "काकू, मी तो व्हिडिओ बघितला." मी घाबरले. ती म्हणाली, "त्यात मी एक ठिपका आहे. मधला. आणि एक पांढऱ्या केसांचा पांढरा ठिपका आहे, सगळे आत जातात तसाच तोही आत जातो, फक्त वेगळ्या कारणानं. तो तुम्ही." मग म्हणाली, "लाल टोपी येते बघा. मिन्नीची. ती आली तरी काहीच बदलत नाही. माझ्या ठिपक्यांचंही असंच व्हायचं काकू. भांडणाचं कारण काढून घेतलं तरी लाल ते लालच राहायचे. मला वाटलं माझं गणित चुकतंय. दोन वर्षं मी ते दुरुस्त करत बसले."

मी विचारलं, "मग ते पळाले कसे? तुझ्या मैदानात तसं होतं का?"

"नाही," ती म्हणाली. "माझ्या ठिपक्यांना घर नव्हतं."

मार्चमध्ये ती परत आली. आई रुसली, तरी आली. आजोबांनी स्टेशनवर तिची बॅग उचलली आणि गुडघा विसरले. आता ती ठिपक्यांना घरं देते. प्रत्येकाच्या घरावर काहीतरी वाळत टाकलेलं असतं, काहीतरी शिजत असतं. तुमचे आजोबा विचारतात, "आता तरी आई दिली का?" ती म्हणते, "देते ओ काका, एकेक करून देते. आईवाला ठिपका जास्त मारतो, हे पण बघितलंय मी." पम्मीच्या हाताला मिन्नीसाठीची भीतीच तर बळ देत होती.

पण परत आल्यापासून केतकी गच्चीवर पाऊल टाकत नव्हती. तिच्या खोलीचं एक दार गच्चीत उघडतं, त्याला तिने आतून कडी घातली आणि समोर टेबल लावलं. तिथून पार्क दिसतो. आतल्या जिन्याने खाली यायची, गाडीत बसायची, संस्थेत जायची. बाजारात नाही, पार्कमध्ये नाही. कड्या मलाही आवडतात.

परवा, तुमच्या फोननंतर दोन दिवसांनी, वारा पडला. मी चादरी धुतल्या होत्या. माझा चादरींचा वार ठरलेला असतो आणि आंधीचा नसतो. आकाश पिवळं झालं तेव्हा मी जिन्यावर होते, माझं मनगट आता कठड्याला घट्ट धरत नाही, मी एकेक पायरी चढत होते. वर पोचेपर्यंत पहिला झोत आला. दोन चादरी मी धरल्या. तिसरी सुटली, पतंगासारखी ताणली गेली आणि भिंतीपलीकडे पम्मीच्या गच्चीत जाऊन तिच्या तारेला अडकली. पम्मी तिथेच होती, स्वतःचे कपडे ओढत. तिने ती चादर सोडवली.

मागे टेबल सरकल्याचा आवाज झाला. कडी पडली. केतकी दारात उभी होती. चादर उडालेली तिने खिडकीतून पाहिली असणार. माझ्या हातात दोन चादरी आणि डोळ्यांत माती, मी भिंतीपर्यंत जाऊ शकत नव्हते. ती गेली. भिंतीच्या अलीकडे ती, पलीकडे पम्मी. पम्मीने चादर पुढे केली. वारा त्या दोघींमधलं कापड असं फडकवत होता, जणू कोणी ते फाडणार आहे. केतकीने चादरीची कड धरली. पम्मीने सोडली. मग पम्मी वाकली, खाली पडलेले चिमटे वेचले आणि मूठ पुढे केली. "चिमटे वी लै जा, बेटा." त्याच हाताची मूठ.

केतकीने हात पुढे केला. चिमटे घेतले.

खाली आल्यावर ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. मी पाणी दिलं ते तिने अर्धं सांडलं. मग तिने चिमटे ओट्यावर ठेवले, रांगेत, मी ठेवते तसे. म्हणाली, "तिचा हात आला तेव्हा मी मागं सरले काकू. पण आधी वाटलं होतं तेवढी नाही. किती सरले ते मोजायला पाहिजे." मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि कैऱ्या उकडायला ठेवल्या.

ओम, तुझा खेळ तू खेळ. मी काढून घ्यायला सांगणार नाही. फक्त ती बाई पुन्हा रस्ता ओलांडायला आली, पिशवी घेऊन, तेव्हा एवढं समज, की ती घरी गच्चीवर चादर वाळत घालून आली आहे आणि वारा सुटायच्या आत तिला परत जायचं आहे.